सल्ला: बॉट सीएलएवर सही मागतोय, करू का?

प्रश्न: मी एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम करते. आमच्या प्रॉडक्टखाली एक ओपन सोर्स डेटाबेस आहे. क्लायंट मध्येच तुटला की त्याचं कनेक्शन सर्व्हर मोकळं करत नाही, असा त्यात बग होता. तो मी दुरुस्त केला: सुमारे १८० ओळी, सहा कमिट (नोंदवलेले बदल). पहिले दोन ऑफिसच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या ईमेलने झाले, बाकीचे घरी. टेस्ट एका मैत्रिणीने लिहून दिल्या. टायमर सांभाळणारं ३० ओळींचं फंक्शन एमआयटी या मोकळ्या परवान्याच्या दुसऱ्या एका प्रकल्पातून घेतलं आहे. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, टाकताच प्रकल्पाचा बॉट (आपोआप तपासणारा प्रोग्राम) म्हणाला, आधी सीएलएवर, म्हणजे योगदानकर्त्याच्या परवाना करारावर, सही करा. प्रकल्प एजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण त्यामागची कंपनी त्याचीच पैसे घेऊन वेगळी आवृत्तीही विकते. सही केली तर माझा कोड त्यांचा होईल का? ऑफिसला सांगायलाच हवं का? आणि सही केलीच नाही तर?

उत्तर: तुमच्या तीन प्रश्नांतला मधला आधी घेऊ. कोड हातचा जाईल ही भीती सगळ्यांनाच वाटते, पण नोकरदार माणसासाठी सीएलएमधलं सर्वांत जड कलम दुसरंच असतं. ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ असं तुम्ही त्यात लिहून देता. तो अधिकार तुमच्याकडे आहे की नाही, हे आज तुम्हाला नक्की माहीत नाही. म्हणून आज सही करू नका. पुल रिक्वेस्ट मात्र बंद करू नका. ती ड्राफ्ट करून ठेवा आणि ‘नोकरीच्या ठिकाणची परवानगी घेत आहे’ एवढी ओळ खाली लिहा. मेंटेनरना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, अशी ओळ नवी नसते.

अनेक सीएलए अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या वैयक्तिक करारावर बेतलेले असतात, गूगलचाही त्याच वळणाचा आहे. त्यातलं चौथं कलम नीट वाचा. तुमच्या निर्मितीवर तुमच्या मालक कंपनीचा हक्क असेल, तर तीनपैकी एक गोष्ट खरी असल्याचं तुम्ही सांगत असता: कंपनीने तुम्हाला परवानगी दिली आहे, किंवा तिने या योगदानापुरता आपला हक्क सोडला आहे, किंवा तिने प्रकल्पाशी स्वतंत्र कंपनी-करार केला आहे. तिन्हींपैकी काहीच नसताना सही केलीत, तर तुम्ही खोटं विधान केलेलं असतं. पुढे तुमच्या कंपनीने आक्षेप घेतला, तर प्रकल्प तोच कागद पुढे करून तुमच्याकडे बोट दाखवेल.

बहुतेक देशांत नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट आपोआप मालकाकडे जातो किंवा तो वापरण्याचे आर्थिक हक्क तरी मालकाला मिळतात. नोकरीचे करार बऱ्याचदा त्याहून पुढे जातात आणि नोकरीच्या काळात केलेलं सगळंच कंपनीचं म्हणतात. नियुक्तीपत्रात आणि त्यासोबत सही केलेल्या कागदांत बौद्धिक संपदा, शोध आणि बाहेरची कामं ही तीन कलमं शोधा. ‘उरलेले कमिट मी घरी केले’ हा मुद्दा वाटतो तितका भक्कम नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर लावलेल्या शोधाला संरक्षण देतो, पण तो शोध मालकाच्या व्यवसायाशी संबंधित असेल तर तिथेही ते संरक्षण गळून पडतं. तुमचा बग तर कंपनीच्या प्रॉडक्टखालच्याच डेटाबेसमधला आहे.

इथेच एक सापळा आहे. बॉट तपासतो तो फक्त कमिटच्या लेखकाचा ईमेल किंवा खातं. त्यामुळे अनेकजण ऑफिसच्या ईमेलऐवजी स्वतःचा ईमेल टाकून कमिट पुन्हा लिहितात, बॉटचा लाल शिक्का हिरवा होतो आणि प्रश्न मिटला असं वाटतं. ईमेल बदलल्याने कोडचा मालक बदलत नाही. उलट, पहिली आवृत्ती सर्व्हरवर कुठेतरी राहिलेली असते आणि मग ते लपवाछपवीसारखं दिसतं. आधी परवानगी, मग ईमेल, याच क्रमाने जा.

परवानगी लेखी घ्या. चॅटवरचा अंगठा पुरेसा नाही, कारण दोन वर्षांनी तो सापडत नाही आणि तो देणाऱ्याला तसा अधिकार होता का, हेही सांगता येत नाही. साध्या ईमेलमध्ये पुढचा मजकूर चालेल:

‘आपण वापरतो त्या अमुक डेटाबेसमधला कनेक्शनचा बग मी दुरुस्त केला आहे. दुरुस्तीत आपल्या प्रॉडक्टचा कोड, ग्राहकाची माहिती किंवा गोपनीय असं काही नाही. ती मूळ प्रकल्पात गेली तर प्रत्येक नव्या आवृत्तीला आपला पॅच (दुरुस्तीचा कोड) पुन्हा बसवावा लागणार नाही. त्यासाठी प्रकल्पाच्या सीएलएवर सही लागते. मजकूर जोडला आहे. कृपया दोनपैकी एक कळवावं: (क) हे योगदान मी वैयक्तिकरीत्या द्यायला कंपनीची हरकत नाही आणि त्यावरचा हक्क कंपनी सांगणार नाही, किंवा (ख) कंपनी स्वतः कंपनी-करार करून माझं नाव त्यात घालेल. या प्रकल्पातल्या पुढच्या दुरुस्त्यांनाही हेच लागू आहे का, तेही कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर प्रत्येक पॅचला हीच फेरी. मजकुरातलं तिसरं वाक्य मॅनेजरसाठी आहे. लीगलला परवान्यात रस असतो, मॅनेजरला पॅच बसवण्याचा त्रास वाचण्यात.

कंपनीने (ख) निवडलं, तर टीम लीडची सही चालत नाही, कंपनीला बांधून घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाची लागते. अपाचीच्या कंपनी-करारासोबत परिशिष्ट असतं आणि त्यात योगदान देणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावं येतात. इतर प्रकल्पांत अशा यादीत ईमेल किंवा खात्याचं नाव घालावं लागतं. गाडी अडते ती बहुधा या यादीवरच. यादीत ऑफिसचा ईमेल असतो, कमिटमध्ये दुसरा, आणि करार होऊनही बॉट ‘सही नाही’ म्हणत राहतो. आणखी एक गोष्ट: अपाचीत कंपनीने करार केला तरी कमिटरला (थेट बदल करण्याचा अधिकार असलेल्याला) वैयक्तिक करार वेगळा करावाच लागतो. आणि नोकरी सोडलीत की यादीतलं तुमचं नाव तुमच्या नव्या कामाला लागू होत नाही. नव्या मालकाकडे नव्याने विचारा.

आता पहिला प्रश्न. सीएलएचा मजकूर उघडून आधी एवढंच बघा, की तुम्ही कॉपीराइट हस्तांतरित करताय की परवाना देताय. हस्तांतरण असेल तर कोड खरोखर त्यांचा होतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ग्नू प्रकल्पांसाठी अनेक वर्षं तेच मागत आलं. त्यांतल्या जीसीसी आणि जीलिबसीने २०२१ मध्ये ती अट सैल केली. कंपनीच्या प्रकल्पात आज बहुधा परवानाच मागतात: कायमचा, जगभरासाठी, विनामोबदला, मागे न घेता येणारा, पण एकट्या त्यांच्यापुरता नसलेला. म्हणजे कॉपीराइट तुमच्याकडेच (किंवा तुमच्या मालकाकडे) राहतो. तोच कोड तुम्ही दुसऱ्या प्रकल्पात, दुसऱ्या परवान्याखाली देऊ शकता. ही भीती मिटली.

पण याच परवान्यात ‘सबलायसन्स’ हा एक शब्द असतो. तुम्ही दिलेला कोड पुढे कुठल्या अटींवर द्यायचा, ते कंपनी ठरवणार, असा त्याचा अर्थ. तुमच्या प्रकल्पात हाच खरा मुद्दा आहे. जग तो डेटाबेस एजीपीएलखाली घेतं: बदल करून नेटवर्कवर चालवला तर वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो. ही अट तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, कंपनीच्या स्पर्धकांवर आहे. सीएलएमुळे ती एकट्या त्या कंपनीवर उरत नाही. तुमच्या १८० ओळी ती बंद आवृत्तीत घालून विकू शकते, आणि तिचा धंदा त्याच्यावरच चालतो. यात फसवणूक नाही, सगळं कागदावर लिहिलेलं आहे. पण योगदान एजीपीएलखाली जाईल असं समजून सही करणारे पुष्कळ असतात. तसं नाही, हे कळून सही करा.

पुढचं पाऊल म्हणजे परवानाच बदलणं. इलॅस्टिकने २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चचा अपाची परवाना सोडून एसएसपीएल हा जास्त कडक परवाना आणि स्वतःचा परवाना लावला. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मसकट आपली उत्पादनं बिझनेस सोर्स लायसन्स या वापरावर बंधनं घालणाऱ्या परवान्याखाली नेली. दोन्हीकडे योगदानकर्त्यांनी सीएलएवर सह्या केलेल्या होत्या. तेव्हा कोणाला विचारावं लागलं नाही. जुन्या आवृत्त्या जुन्याच परवान्याखाली राहिल्या आणि त्यांच्यावर ओपनसर्च आणि ओपनटोफू हे फोर्क, म्हणजे वेगळ्या वाटेने चालवलेल्या प्रती, उभे राहिले. सगळं पाप सीएलएच्या माथी मारणंही बरोबर नाही. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला तेव्हा जुना कोड बीएसडी परवान्याखाली होता, आणि तो परवाना इतका मोकळा आहे की बंद आवृत्ती कोणीही काढू शकतो. म्हणून सीएलएचं वजन प्रकल्पाच्या परवान्याशी जोडून बघावं. एमआयटी, बीएसडी किंवा अपाचीखालच्या प्रकल्पात त्याने फारसा फरक पडत नाही. जीपीएल किंवा एजीपीएलखालच्या, एकाच कंपनीच्या प्रकल्पात तो खूप मोठा असतो. तुमचा प्रकल्प नेमका दुसऱ्या प्रकारचा आहे.

समोर कंपनी आहे की ना-नफा संस्था, हेही बघावं. केडीईसारखे प्रकल्प फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपचा विश्वस्त-करार वापरतात. तो घेणाऱ्या संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं मोडली तर दिलेले हक्क योगदानकर्त्याकडे परत जातात. असं कलम कंपनीच्या सीएलएत दिसलं तर बिनधास्त सही करा, पण ते क्वचितच दिसतं. कधीकधी ‘तुमचं योगदान आम्ही ओपन सोर्स परवान्याखालीही उपलब्ध ठेवू’ असं वाक्य असतं. तेही बरंच काही आहे. ते शोधा.

प्रकल्पांच्या बाजूनेही कारण आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रकल्पाने २०१७ मध्ये अपाची २.० परवान्याकडे जायचं काम सुरू केलं, तेव्हा जुन्या योगदानकर्त्यांना एकेक करून गाठून संमती घ्यावी लागली. नव्या परवान्याची ३.० ही आवृत्ती यायला २०२१ उजाडलं. आधीपासून करार असते तर ही पायपीट वाचली असती. आणि सगळे प्रकल्प सीएलए मागतात असंही नाही. लिनक्स कर्नल २००४ पासून डीसीओवर (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर) चालतो. कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ, म्हणजे ‘हे मी लिहिलं आहे किंवा ते देण्याचा मला हक्क आहे’ एवढंच विधान. कंपनीला जास्तीचा कुठलाही हक्क मिळत नाही. गिटलॅबने २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला. तरी लक्षात घ्या, डीसीओमध्येही अधिकाराचं विधान आहेच. ऑफिसचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

पेटंटचं कलमही चाळून घ्या. तुमच्या योगदानाने ज्या पेटंटचा भंग होतो त्यांपैकी तुमच्या ताब्यातल्या पेटंटचा परवाना तुम्ही देता. बहुतेक डेव्हलपरच्या नावावर पेटंट नसतंच. कंपनीच्या नावावर असतं, म्हणून लीगलचा माणूस याच कलमावर अडतो. त्याला सांगा की व्याप्ती तुमच्या योगदानापुरती आहे, कंपनीच्या सगळ्या पेटंटांपुरती नाही. पण हे सांगण्याआधी तुमच्या करारात खरंच तसं लिहिलंय का ते बघा.

आमचं मत विचाराल तर: कंपनीची लेखी परवानगी आली, करार हस्तांतरणाचा नसून परवान्याचा निघाला, आणि तुमची दुरुस्ती बंद आवृत्तीत विकली गेली तरी तुम्हाला चालणार असेल, तर सही करा. १८० ओळींच्या बगफिक्ससाठी बहुतेकांना ते चालतं, कारण त्यांना बग गेलेला हवा असतो. तुम्ही महिनोन्‌महिने खपून एखादं मोठं फीचर लिहिणार असाल, तर हाच हिशोब वेगळा निघू शकतो. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे धरूनच ठरवा.

सही करायची नाही असं ठरलं तरी काम वाया जात नाही. बगचा सविस्तर अहवाल लिहा: कुठली आवृत्ती, कुठल्या क्रमाने क्लायंट तोडला की कनेक्शन अडकतं, कुठलं फंक्शन ते सोडत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती वाचून मेंटेनर स्वतःचा कोड लिहू शकतो. मात्र अहवालात पॅच चिकटवू नका. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या अटींप्रमाणे, परवाना लावलेल्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) तुम्ही टाकलेला मजकूर त्याच परवान्याखाली दिला असं धरलं जातं, आणि सीएलए असेल तर त्याच्या अटी वरचढ ठरतात. दुसरा मार्ग म्हणजे दुरुस्ती स्वतःच्या फोर्कमध्ये ठेवणं. एजीपीएल त्याला आडकाठी करत नाही. पण तुमच्या कंपनीची सेवा त्या फोर्कवर चालणार असेल, तर वापरकर्त्यांना सोर्स देण्याची अट तुमच्या कंपनीला लागू होते. ते लीगलला माहीत असू द्या.

‘अगदी किरकोळ बदलाला सही लागत नाही’ असं ऐकलं असेल तर ते काही ठिकाणी खरं आहे. ओपनएसएसएलमध्ये कमिटच्या संदेशात ‘सीएलए: ट्रिव्हियल’ अशी ओळ घालायची सोय आहे. ग्नूच्या मेंटेनरसाठीच्या मार्गदर्शिकेत साधारण १५ ओळींपर्यंतचा बदल कायद्याच्या दृष्टीने नगण्य मानतात. तुमच्या १८० ओळी यात बसत नाहीत. त्यांचे बारा तुकडे करून पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. एकाच माणसाचे तुकडे एकत्रच मोजतात.

आता कमिट नीट करायचं काम, परवानगी आल्यावर. मंजुरी (ख) प्रकारची असेल आणि यादीत ऑफिसचा ईमेल असेल, तर बहुधा इतिहास पुन्हा लिहायची गरजच नाही. तो ईमेल तुमच्या गिटहब खात्यात दुसरा पत्ता म्हणून जोडा, त्याची खातरजमा करा आणि बॉटला पुन्हा तपासायला सांगा. त्यासाठीचा शब्द बॉटच्याच संदेशात दिलेला असतो. मंजुरी (क) प्रकारची असेल, तर त्या रेपॉझिटरीपुरता स्वतःचा ईमेल गिटच्या कॉन्फिगमध्ये घाला. ‘ग्लोबल’ पर्याय टाळा, नाहीतर उद्या ऑफिसचे कमिट तुमच्या खासगी पत्त्याने जातील. मग इंटरॅक्टिव्ह रीबेस करून (म्हणजे जुने कमिट पुन्हा लिहायला घेऊन) पहिले दोन कमिट ‘एडिट’वर ठेवा, प्रत्येकावर ‘अमेंड’ आणि ‘रीसेट-ऑथर’ चालवा, आणि शेवटी ‘फोर्स-विथ-लीज’ने पुश करा. नुसता ‘फोर्स’ वापरू नका, कारण मधल्या काळात मेंटेनरने तुमच्या शाखेत काही टाकलं असेल तर ते उडेल. ‘रीसेट-ऑथर’ सगळ्या सहा कमिटवर आंधळेपणाने फिरवलंत, तर मैत्रिणीच्या टेस्टही तुमच्या नावावर येतील.

त्या टेस्ट तिच्याच नावाने जायला हव्यात. तिच्या टेस्टचा कमिट वेगळा ठेवा, ‘ऑथर’ पर्यायाने तिचं नाव आणि तिचा गिटहबशी जोडलेला ईमेल द्या. तिच्या वतीने तुम्ही सही करू शकत नाही, तिला स्वतःलाच करावी लागेल. तीही कुठे नोकरीला असेल तर चौथं कलम तिलाही तसंच लागू आहे. नुसतं ‘को-ऑथर्ड-बाय’ लिहिलंत तर काही बॉट ती ओळ वाचतात आणि काही वाचत नाहीत. बॉटने सोडलं म्हणून सहीची गरज संपत नाही. तिला सही करायची नसेल तर टेस्ट काढा आणि तिचा कोड न बघता स्वतःच्या लिहा.

३० ओळींच्या फंक्शनबद्दल: अपाचीच्या वळणाच्या करारात ‘माझं प्रत्येक योगदान माझी मूळ निर्मिती आहे’ असं कलम असतं, आणि परक्याचं काम वेगळं दाखवून, मूळ आणि परवाना सांगून द्यायची सोयही असते. ते फंक्शन वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. संदेशात मूळ प्रकल्पाचं नाव, फाइल, कमिटचा हॅश आणि एमआयटी परवाना लिहा, आणि परवान्याचा मजकूर कॉपीराइटच्या ओळीसकट फाइलमध्ये राहू द्या. एमआयटीची मुख्य अट तीच आहे आणि कॉपी-पेस्ट करताना नेमकी तीच गळते. मेंटेनर परका कोड घ्यायला कां-कूं करत असेल तर जुनं बाजूला ठेवून स्वतः लिहिणं बहुधा लवकर होतं. एआय साधनाने लिहून घेणं हा त्यावरचा उपाय समजू नका. तेव्हा ‘मूळ निर्मिती’चं विधान कशाच्या जोरावर करणार, हा प्रश्न उभा राहतो आणि काही प्रकल्प असा कोड सरसकट नाकारतात. त्यांचं धोरण योगदानाच्या मार्गदर्शिकेत बघा.

सही करताना करारावरची आवृत्ती किंवा तारीख टिपून ठेवा, मजकुराची पीडीएफ काढा आणि परवानगीच्या ईमेलसोबत ऑफिसच्या बाहेरही एक प्रत ठेवा, कारण नोकरी सुटली की ऑफिसचा मेलबॉक्स जातो. अपाचीच्या फॉर्मसारख्या फॉर्ममध्ये खरं पूर्ण नाव लागतं. लोकांत दिसणारं नाव वेगळं द्यायची जागा असते. लीगलचं उत्तर यायला वेळ लागला तर तोवर बगचा अहवाल टाकून ठेवा. निदान डेटाबेस वापरणाऱ्या इतरांना कनेक्शन कुठे अडकतंय ते कळेल.